विश्लेषण : जातिवंत मांजर घ्यायचंय? कॅट शोमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही?

पर्शियन, मेन कून, बंगाल अशा जातींच्या पिल्लांसाठी आता आपल्या शहरांतही हजारो रुपये मोजले जात आहेत. विक्रेता ज्याला ‘प्युअर’ म्हणतो ते ठरवतो कोण? शोमध्ये मिळालेली रिबन आरोग्याची हमी असते का? आणि पिल्लू तिथूनच घरी आणावे का?

‘पंच फेस’ म्हणजे नेमके काय?

‘प्युअर पर्शियन, पंच फेस, ट्रिपल कोट, ४० दिवस, लिटर ट्रेन्ड. फक्त सीरियस लोकांनी मेसेज करा.’ समाजमाध्यमांवर मांजराच्या पिल्लाचा एक व्हिडीओ शेवटपर्यंत पाहिला, की पुढचे आठ दिवस अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. खाली किंमत नसते. ती ‘इनबॉक्स’मध्ये सांगतात आणि सोबत लगेच ‘बुकिंग’साठी क्यूआर कोड येतो.

या जाहिरातीतला जवळपास प्रत्येक शब्द बाजाराने तयार केलेला आहे. नाक थोडे लांब असेल तर ‘डॉल फेस’, थोडे बसके असेल तर ‘सेमी पंच’, चेहऱ्यावर गुद्दा बसल्यासारखे सपाट असेल तर ‘पंच फेस’ आणि त्याहून सपाट असेल तर ‘एक्स्ट्रीम’. नाक जितके आत, तितका भाव वर. ‘ट्रिपल कोट’ हाही असाच विक्रेत्यांचा शब्द. मांजरांच्या नोंदणी संस्था जातीचे जे लेखी निकष छापतात, त्यांत हे शब्द सापडत नाहीत.

‘४० दिवस’ मात्र खरे असण्याची शक्यता असते आणि जाहिरातीतली सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. त्याकडे पुढे येऊ.

मांजराची ‘पेडिग्री’ म्हणजे काय?

पेडिग्री म्हटले की आपल्याकडे आधी कुत्र्यांच्या खाण्याची पिशवी आठवते. मूळ अर्थ आहे वंशावळ. त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि आपल्या पणजोबांनी केलेली नोंद दाखवतात, तसाच हा प्रकार. पिल्लाचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशा तीन ते पाच पिढ्यांची नावे, रंग आणि प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक एका कागदावर असतो. ज्या घरी पिल्लू जन्मले त्या ‘कॅटरी’चे नाव पिल्लाच्या नावाला आडनावासारखे चिकटलेले असते.

ही वही सांभाळणाऱ्या संस्था जगात अनेक आहेत. अमेरिकेतील कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन अर्थात सीएफए १९०६ची, ब्रिटनमधील जीसीसीएफ १९१०ची, ‘टिका’ ही आणखी एक अमेरिकी संस्था १९७९ची, तर वर्ल्ड कॅट फेडरेशन अर्थात डब्ल्यूसीएफ १९८८ची. भारतात फेलाइन क्लब ऑफ इंडियासारखी संस्था डब्ल्यूसीएफच्या चौकटीत शो भरवते.

इथे ग्राहकाला फसवण्याच्या दोन सोप्या जागा आहेत. पहिली म्हणजे लसीकरणाची पुस्तिका. त्यावर ‘ब्रीड : पर्शियन’ असे लिहिलेले असते, पण ते मालकाने सांगितले म्हणून डॉक्टरांनी लिहिलेले असते. त्याने वंश सिद्ध होत नाही. दुसरी जागा म्हणजे ‘केसीआय पेपर्स’. केनेल क्लब ऑफ इंडिया ही कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था आहे. मांजराच्या पिल्लासोबत कोणी तो कागद देऊ करत असेल तर संभाषण तिथेच थांबवलेले बरे. खरा कागद असेल तर त्यावरचा क्रमांक संबंधित संस्थेला ईमेल करून पडताळता येतो. एवढे कष्ट फारसे कोणी घेत नाही, आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते.

‘इम्पोर्टेड पेरेंट्स’ हा दावाही तपासता येतो. परदेशातून आलेल्या प्राण्याला केंद्राच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेकडून मंजुरी घ्यावी लागते. या सेवेचे एक कार्यालय मुंबईत आहे. म्हणजे आई-वडील खरेच विमानातून आले असतील तर त्याचा कागद असतोच.

पर्शियन मांजर कितपत पर्शियन?

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने सतराव्या शतकात इराणमधल्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन केले आणि ती इटलीला न्यायचा आपला इरादाही लिहून ठेवला. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यातही राहिला. आज आपण ज्याला पर्शियन म्हणतो ती जात मात्र ब्रिटन आणि अमेरिकेतील हौशी लोकांनी निवडून निवडून घडवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजरे पश्चिम युरोपातील मांजरांच्या जवळची निघाली, पश्चिम आशियातील नव्हे. थोडक्यात, नावात गाव आहे, रक्तात नाही.

मांजराच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांत, शोच्या टेबलाभोवतीच आकाराला आल्या आहेत. त्यामुळे शो कसा चालतो हे समजल्याशिवाय ‘जातिवंत’ या शब्दाचा अर्थ लागत नाही.

कॅट शोमध्ये नेमके काय चालते?

ठाण्यात एकटी राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या मावशीने गेल्या वर्षी अचानक सांगितले, ‘अरे, मला एक पांढरं पर्शियन बघून दे.’ घरातल्या इंजिनीअरने सगळ्या खरेदीचा ‘रिसर्च’ करायचा हा आपल्याकडचा अलिखित नियम. फ्रिज झाला, इन्व्हर्टर झाला, आता मांजर. म्हणून मुंबईच्या एका उपनगरात भरलेल्या शोला गेलो.

हॉलमध्ये लग्नाच्या हॉलसारखीच गडबड होती, फक्त स्पीकरचा आवाज मुद्दाम कमी ठेवलेला. ओळीने पिंजरे, प्रत्येकाला साटीनचे पडदे, आत छोटी गादी, बाहेर नंबर. एका टेबलावर हेअर ड्रायर सुरू होता. शेजारी एक काका मांजराच्या केसांत पावडर टाकून ती ब्रशने झटकून काढत होते, कारण परीक्षकाच्या हाताला पावडर लागली तर ते चालत नाही. दारातच पशुवैद्य प्रत्येक मांजराचे कान, डोळे, कातडी आणि लसीची पुस्तिका तपासत होते. नखे कापलेली नसतील तर आधी नखे कापा, मग आत या.

खरा प्रसंग परीक्षकाच्या टेबलावर घडतो. मदतनीस नंबर पुकारतो, मांजर आणले जाते. मांजर कोणाचे हे परीक्षकाला सांगायचे नसते. परीक्षक आधी दोन्ही हातांनी मांजर उचलून त्याची लांबी आणि वजन अजमावतात. मग चेहरा बाजूने पाहतात. शेपटीवरून बोट शेवटपर्यंत फिरवतात, कारण शेपटीतला बारीक बाक डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. जबडा बघतात. केस उलटे फिरवून मुळाशी रंग कसा आहे ते पाहतात. मग पिसाची काठी हलवतात आणि मांजर तिकडे बघते की नाही, हे पाहतात. चावले किंवा बोचकारले तर थेट बाद. हे सगळे दोन-तीन मिनिटांत. नंतर टेबल पुसले जाते, हात निर्जंतुक केले जातात आणि पुढचा नंबर.

मी बराच वेळ त्या टेबलाजवळ उभा होतो. मांजरे परस्परांशी स्पर्धा करतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक मांजराची तुलना कागदावरच्या एका आदर्श मांजराशी होत असते. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हे ‘स्पेसिफिकेशन शीट’ घेऊन केलेले इन्स्पेक्शन आहे. मोठी मांजरे, नसबंदी झालेली मांजरे आणि पिल्ले यांचे गट वेगळे असतात आणि विजेतेपदांच्या पायऱ्या असतात.

सगळ्यात जास्त टाळ्या मात्र कुठल्या मेन कूनला मिळाल्या नाहीत. घरगुती मांजरांच्या गटात एका मुलीने आणलेला नारिंगी बोका होता. कानाची कड फाटलेली, रस्त्यावरून उचललेला. त्या गटात वंशावळ लागत नाही. तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव पाहतात. परीक्षकांनी उचलल्यावर तो त्यांच्या खांद्यावर चढून बसला. आपल्या देशी मांजरांपैकी काहींना आता ‘इंडिमाऊ’ या नावाने डब्ल्यूसीएफमध्ये जातीचा दर्जा मिळाला आहे. ‘माऊ’ हा शब्द तिकडच्या लोकांना प्राचीन इजिप्तचा वाटतो. मराठी घरातल्या दोन वर्षांच्या मुलालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

गुणपत्रिकेत मूत्रपिंड कुठे आहे?

सीएफएच्या पर्शियन जातीच्या निकषांत एकूण १०० गुण आहेत. डोके, डोळे आणि कान यांना ३०. शरीराची ठेवण २०. केस १०. प्रमाणबद्धता ५ आणि रेखीवपणा ५. रंग २०. डोळ्यांचा रंग १०. बेरीज करून पाहा, शंभर पूर्ण होतात. मूत्रपिंडाला शून्य, हृदयाला शून्य.

यात संस्थेची लबाडी नाही. टेबलावर दोन मिनिटांत मूत्रपिंड तपासताच येत नाही. पण पर्शियनच्या बाबतीत नेमका प्रश्न तिथेच आहे. ‘पॉलिसिस्टिक किडनी डिसीज’ अर्थात पीकेडी या आनुवंशिक आजारात मूत्रपिंडात जन्मापासूनच पाण्याने भरलेल्या बारीक गाठी असतात. त्या हळूहळू वाढतात. मांजर अनेक वर्षे अगदी ठणठणीत दिसते, शो जिंकते, पिल्ले देते. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पाणी जास्त पिणे, वजन घटणे, उलट्या अशी लक्षणे दिसू लागतात, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत आलेली असतात. बरे करणारा उपचार नाही.

या आजाराला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला. चाचण्या सर्रास होण्याआधीच्या पाहण्यांमध्ये पर्शियन मांजरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मांजरांत हा आजार आढळला होता. बदल ‘प्रभावी’ प्रकारचा आहे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. आईला आजार असेल आणि वडील निरोगी असतील तर प्रत्येक पिल्लासाठी ती नाणेफेक आहे, शक्यता ५० टक्के. दोन्ही पालक चाचणीत निरोगी असतील तर मात्र हा विशिष्ट बदल पिल्लात येण्याचा प्रश्नच राहत नाही. आनुवंशिक आजारांमध्ये इतका सरळ हिशेब क्वचित असतो. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना चाचणीला पुरतो. ते शक्य नसेल तर दहा महिन्यांहून मोठ्या मांजराची सोनोग्राफी अनुभवी डॉक्टरांकडून करून बऱ्यापैकी खात्री करता येते. दोन महिन्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. म्हणून कागद मागायचा तो पालकांचा.

सपाट चेहऱ्याचे दुखणे तर उघड्यावर आहे. सीएफएच्या निकषांनुसार बाजूने पाहताना कपाळ, नाक आणि हनुवटी एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. असा चेहरा घडताना नाकपुड्या अरुंद होतात, अश्रूंची नळी वाकते, दात दाटीवाटीने येतात. शोमध्ये पर्शियनच्या प्रत्येक पिंजऱ्यावर टिश्यूचा डबा होता, कारण डोळ्यांतले पाणी सतत पुसावे लागते. जीसीसीएफने निदान एक सीमा आखली आहे. नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेली, तर तो दोष धरला जातो. पट्टी लावून पाहता येईल असा हा नियम आहे. ‘पंच फेस’साठी जास्त पैसे मोजण्याआधी पिल्लाच्या बाजूने काढलेल्या फोटोवर ही रेघ मारून बघावी.

पांढरे, घडीच्या कानांचे, बिबट्यासारखे : बाकीच्यांचे काय?

मावशीला हवे होते पांढरे मांजर. पूर्ण पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांपैकी ६५ ते ८५ टक्के जन्मतः बहिरी असतात. एकच डोळा निळा असेल तर हे प्रमाण सुमारे ४० टक्के आणि एकही निळा नसेल तर १७ ते २२ टक्के. आपल्या बाजारात मात्र दोन रंगांच्या डोळ्यांची पिल्ले ‘ऑड आय’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. बहिरे मांजर घरात सुखाने राहू शकते, पण ते घेणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवे.

स्कॉटिश फोल्डच्या बाबतीत मी थोडे कडक बोलेन. ही जात घेऊ नये. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या मांजरीपासून ती सुरू झाली. कान ज्या जनुकीय दोषामुळे दुमडतात, तोच दोष अंगातल्या सगळ्या कूर्चांवर परिणाम करतो. सांधे जखडतात, शेपटी ताठ होते, चालणे दुखरे होते. म्हणजे गोड दिसणारा कान हेच आजाराचे लक्षण आहे. ब्रिटनच्या जीसीसीएफने १९७०च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२६पासून ही मांजरे नव्याने पाळण्यावरही बंदी घातली आहे. आपल्याकडे रील्समध्ये ती अजून ‘घुबडासारखी क्यूट’ आहेत.

मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्यामागचा एकेक जनुकीय बदल मेन कूनमध्ये २००५ला, तर रॅगडॉलमध्ये २००७ला सापडला. चाचणी आहे, पण पीकेडीसारखी ती निर्णायक नाही. चाचणीत दोष नसलेल्या मांजरालाही हा आजार होऊ शकतो. म्हणून पालकांची हृदयाची ‘इको’ तपासणी दर काही काळाने झाली आहे का, हे विचारावे लागते. बंगाल ही जात घरगुती मांजर आणि लेपर्ड कॅट या रानमांजराच्या संकरातून आली. लेपर्ड कॅट आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कोणी ‘फर्स्ट जनरेशन, जंगली लुक’ असे म्हणत पिल्लू विकत असेल, तर तो व्यवहार वनखात्याच्या दारात नेऊन सोडू शकतो.

मग शोला जायचे कशासाठी?

मांजरे बघायला जरूर जावे. पिल्लाच्या शोधात असाल तर माणसे बघायला जावे.

शोमध्ये एकाच छताखाली अनेक ब्रीडर भेटतात आणि त्यांची मोठी झालेली मांजरे दिसतात. हे महत्त्वाचे, कारण दोन महिन्यांचे प्रत्येक पिल्लू गोडच असते. ते तीन वर्षांनी कसे दिसेल, श्वास घेताना घुरघुरेल का, अनोळखी हाताला घाबरेल का, हे त्याच्या नातेवाइकांकडे बघून कळते. दिवसभर गर्दीत राहूनही जे मांजर पिंजऱ्यात पाय पसरून झोपले आहे, त्याच्या घरी बहुधा माणसांचा वावर चांगला असतो.

मी तीन ब्रीडरना पीकेडीबद्दल विचारले. एकाने ‘आपल्या लाइनमध्ये तसं काही नाही’ म्हणून विषय बदलला. दुसऱ्याने लसीची पुस्तिका पुढे केली. तिसऱ्या ताईंनी फोनमधून दोन्ही पालकांचे चाचणी अहवाल काढून दाखवले आणि मग माझीच उलटतपासणी सुरू केली. कितवा मजला? खिडक्यांना जाळी आहे का? रोज पंधरा मिनिटे विंचरायला कोण बसणार? उन्हाळ्यात दुपारी पंखा सुरू राहील का? मावशींचे हात दुखतात का? शेवटचा प्रश्न मला आधी कळला नाही. पर्शियनचे केस दोन-तीन दिवस विंचरले नाहीत तर काखेत, पोटावर त्यांचे गोळे होतात, ते ओढले की कातडी दुखते, आणि शेवटी डॉक्टरांकडे नेऊन मशीनने काढावे लागतात. संधिवाताच्या बोटांना ते जमत नाही. ‘किंमत किती’ यावर त्यांनी उत्तर दिले ते सगळ्यात शेवटी.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पैसे आधी आणि प्रश्न नंतर असा क्रम असेल तर समोर व्यापारी आहे. भेटायला घरी बोलावत नसतील, पिल्लाची आई दाखवत नसतील, पिल्लू स्टेशनवर किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये ‘डिलिव्हर’ करतो म्हणत असतील, तर आई दाखवण्यासारख्या अवस्थेत नाही असे समजायला हरकत नाही.

पिल्लू त्याच दिवशी घरी का आणू नये?

याची दोन कारणे आहेत, एक विषाणूचे आणि दुसरे वयाचे.

मांजरांमधला पॅनल्युकोपेनिया हा आजार पार्वो जातीच्या विषाणूमुळे होतो. लस न झालेल्या पिल्लांना तो काही दिवसांत मारू शकतो. हा विषाणू फरशीवर, कपड्यांवर, बुटांच्या तळव्यावर महिनोन्‌महिने, अगदी वर्षभरही टिकतो. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे करोनाकाळापासून आपल्या खिशात असलेले अल्कोहोलचे सॅनिटायझर याच्यावर चालत नाही. तो मरतो ब्लीचसारख्या द्रावणाने. म्हणजे वीस पिंजऱ्यांतल्या मांजरांना हात लावून, मध्ये सॅनिटायझर चोळून आपण निर्धास्त झालो, तर तो भ्रम आहे. संसर्गानंतर लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे शोच्या दारात तपासलेले पिल्लू ‘फिट’ असू शकते आणि तरीही आजारी असू शकते. घरी आधीच मांजर असेल तर शोवरून आल्यावर बूट बाहेर, कपडे धुवायला आणि हात साबणाने खसखसून धुतल्यावरच त्याला जवळ घ्यावे.

दुसरी डोकेदुखी गजकर्णाची. लांब केसांच्या मांजरांत ही बुरशी दडून बसते, वरून दिसत नाही आणि माणसांना होते.

आता त्या ‘४० दिवसां’कडे. पिल्लांच्या लसीची पहिली मात्रा साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी पुढची मात्रा द्यायची आणि शेवटची १६ आठवड्यांच्या वेळी किंवा त्यानंतर, अशी जागतिक पशुवैद्यक संघटनेची शिफारस आहे. ४० दिवसांच्या पिल्लाला फार तर पहिली मात्रा मिळालेली असते, अनेकदा तीही नसते. शिवाय याच वयात पिल्लू भावंडांशी मारामारी करत दात किती जोरात लावायचे ते शिकते. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात सुमारे सहा हजार मांजरांची माहिती तपासली गेली. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेली मांजरे अधिक आक्रमक आढळली. चांगले ब्रीडर १२-१३ आठवड्यांपर्यंत पिल्लू देत नाहीत. तोवर ते फोटोत थोडे ‘मोठे’ दिसू लागते आणि घाईचे गिऱ्हाईक निघून जाते, म्हणून बाजारात ४० दिवस चालतात.

कायदा काय सांगतो?

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले. राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी, आठ आठवड्यांआधी विक्री नाही, अशा अटी त्यात आहेत. मात्र नियमांच्या नावातच ‘कुत्रा’ आहे. मांजरांच्या पैदाशीला तसे स्वतंत्र नियम नाहीत. २०१८चे पेट शॉप नियम दुकानांना लागू होतात, त्यांनी राज्य मंडळाकडे नोंदणी करायची असते. दुकानातून घेत असाल तर नोंदणी प्रमाणपत्र मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरातून, मोबाइलवरून होणारी विक्री या सगळ्याच्या फटीतून जाते. म्हणून पावती घ्यावी. तिच्यावर जन्मतारीख, पालकांचे नोंदणी क्रमांक, मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक, दिलेल्या लसी आणि ‘ठरावीक दिवसांत आजार निघाल्यास काय’ हे लिहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘डोन्ट वरी सर’ ग्राहक आयोगासमोर फार काळ टिकत नाही.

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. आपल्या शहरात नियम काय आहे, ते पिल्लू आणण्याआधी पाहून घ्यावे. रेबीजची लस तर नियम असो वा नसो, द्यावीच लागते.

पिल्लूच हवे का?

हा प्रश्न मी विचारला नव्हता, तो मावशीने विचारला. शोमधून आल्यावर मी तिला सगळा हिशेब दाखवला. खरेदी, लसी, नसबंदी, खाणे, वाळू, विंचरणे. तिने वही बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘ते पंधरा वर्षं जगतं म्हणतोस. आज मी अडुसष्टची. मग शेवटी त्याला कोण बघणार, तू?’ तपशिलात शिरलेल्या माणसाला असे प्रश्न सुचत नाहीत.

याचे एक उत्तर जाहिरातींत कधी दिसत नाही. जबाबदार ब्रीडर मांजरीला दोन-चार वेळा पिल्ले झाली, की पाच-सहा वर्षांच्या वयात तिची नसबंदी करून तिच्यासाठी शांत घर शोधतात. अशा ‘रिटायर्ड’ मांजरींची किंमत पिल्लापेक्षा खूपच कमी असते, कधी फक्त नसबंदीचा खर्च घेतात. स्वभाव कळलेला असतो, वाळूची सवय असते, पडद्यावर चढायचे वय गेलेले असते. आणि मुख्य म्हणजे या वयात मूत्रपिंडाची सोनोग्राफी खरे काय ते सांगते. वंशावळीचा हट्ट नसेल तर प्राणिमित्र संस्थांकडे मोठी देशी मांजरे वर्षभर वाट पाहत असतात, त्यांनाही हेच सगळे लागू पडते आणि त्यांना विंचरावे लागत नाही.

त्या तिसऱ्या ताईंकडे सहा वर्षांची, क्रीम रंगाची एक मांजरी होती. पांढरी नाही, डोळे तांबूस, नाक जीसीसीएफच्या रेघेच्या खाली. सोनोग्राफीचा अहवाल त्यांनी पाठवला, तो मावशीच्या नेहमीच्या पशुवैद्यांनी पाहिला आणि गाठी नाहीत असे सांगितले. केस उन्हाळ्यात बारीक कापून ठेवायचे असे ठरले, म्हणजे विंचरणे आठवड्यातून दोनदा पुरेल. मावशीला काही झाले तर मांजरी परत आपल्याकडे आणायची, हे त्या ताईंनी स्वतःहून करारात लिहिले. आधी मात्र त्या घर बघायला ठाण्याला आल्या. हॉलच्या खिडकीची जाळी त्यांनी हाताने ओढून पाहिली, स्वयंपाकघरातली ठीक वाटली. बाल्कनीला जाळी बसवून तिचा फोटो पाठवा, मग गाडी काढते, असे सांगून त्या गेल्या. जाळीवाला पुढच्या गुरुवारी येणार आहे.